नवे ग्रंथप्रामाण्य नको
(नाशिक येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि ज्या जिल्ह्यात, येवले येथे, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा झाली, तेथे केवळ वाचनावर बोलणे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु धर्मांतराबरोबर आपण जे टाकले, त्यात ग्रंथप्रामाण्य प्रमुख होते. आज तुम्ही पदवीसाठी विद्वानांचे शोधनिबंध वाचता. निबंध इंग्रजीत असतो, लेखक नामांकित प्राध्यापक असतो, पानाच्या तळाशी टीपांची रांग असते. त्या थाटापुढे दबून तुम्ही उतारेच्या उतारे वहीत उतरवून घेता. पोथी बदलली, वृत्ती बदलली काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

निबंध कसा वाचावा याचा वस्तुपाठ परमपूज्य बाबासाहेबांनीच घालून दिला आहे. ९ मे १९१६ रोजी, वयाची पंचवीस वर्षे नुकतीच पुरी झाली असता, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. तो १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी चार मान्यवरांच्या व्याख्या घेतल्या : फ्रेंच पंडित सेनार, इंग्रज अधिकारी नेसफील्ड व रिझले, आणि आपले ज्ञानकोशकार डॉ. केतकर. प्रत्येकाचे म्हणणे त्यांनी आधी नीट मांडले, मगच ते पारखले.

सेनार विटाळावर भर देतात. बाबासाहेबांनी दाखविले की, विटाळ हे जातीचे मूळ लक्षण नव्हे. पुरोहिताची जात सर्वांत वर असल्यामुळे तो जातीस चिकटला. नेसफील्ड रोटीबंदीला महत्त्व देतात. तेथे परिणामालाच कारण समजण्यात आले आहे, हे त्यांनी ओळखले. रिझले यांच्या व्याख्येत नवे काही नसल्याने तीवर फार शब्द खर्चिले नाहीत. केतकरांच्या मोकळ्या मनाची त्यांनी प्रशंसा केली; तथापि बेटीबंदी आणि जन्मावरून मिळणारे सभासदत्व ही जी दोन लक्षणे केतकर सांगतात, ती एकाच वस्तूच्या दोन बाजू होत, हेही स्पष्ट केले. बेटीबंदी आली की जन्मावाचून आत येण्याचा मार्गच उरत नाही.

येथे लेखकाच्या जातीवरून वा पदवीवरून निकाल दिलेला नाही. आणि शेवटी, आपला सिद्धान्त टिकण्यासारखा नाही असे ठरल्यास तो सोडण्याची तयारीही त्यांनी जाहीर केली.

तुम्हीही निबंध हाती घेताच विचारा : लेखकाचे मुख्य म्हणणे कोणते? त्यास पुरावा कोणता? त्या पुराव्यातून तेवढाच निष्कर्ष निघतो की कमी? कारण व परिणाम यांची अदलाबदल झाली आहे काय? ही माहिती लेखकास कोणी दिली, आणि कोणास विचारलेच नाही?

हा शेवटचा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे. १८८३ साली सरकारने नाशिक जिल्ह्याचे गॅझेटिअर प्रसिद्ध केले. त्यात आपल्या पूर्वजांचेही वर्णन आहे. ग्रंथालयात जाऊन ती पाने वाचा. उपयोगी माहिती टिपून घ्या. पण प्रत्येक विधानाशी थांबून, हे पाहिले कोणी आणि सांगितले कोणी, याचा शोध घ्या. ज्यांच्याविषयी इतरांनी लिहिले, त्यांची नातवंडे आज वाचू लागली आहेत. त्यांनी प्रश्न विचारला नाही, तर कोण विचारणार?

हीच कसोटी आपल्या बाजूच्या लेखनालाही लावा. आपल्याला गोड वाटणारे विधान पुराव्यावाचून स्वीकाराल, तर प्रतिपक्ष ते एका दिवसात पाडील आणि आपली न्याय्य बाजूही लंगडी ठरेल. भगवान बुद्धांनी केसपुत्त येथे कालामांना केलेला उपदेश तुम्हांस ठाऊक आहे : परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू आदरणीय आहे म्हणूनही मानू नका, स्वतः पारखा. ज्याने त्या धम्माची दीक्षा घेतली, त्याने पेन्सिल हाती घेऊन वाचावे आणि समासात आपला प्रश्न निर्भयपणे लिहावा. तो लिहिण्याचा अधिकार आपल्या वाडवडिलांनी फार मोठी किंमत देऊन मिळविला आहे.

जय भीम!