आधी थर्मामीटर, मग गळ
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



बोलायला दहा मिनिटं दिलीत, पण विषय विचारला नाहीत. त्यामुळं मी मासे धरण्यावरच बोलणार. निवृत्तीनंतर मला दुसरं सुचतंय काय?

गळ टाकणारे आमिषावरून भांडतात, कणीक बरी का गांडूळ बरं. मी आधी पाण्यात थर्मामीटर सोडतो. काठावरची पोरं हसतात, "काका, नदीला ताप आलाय काय?" म्हणतात. प्रश्न बरोबर आहे.

माशाच्या अंगाची ऊब पाण्याएवढीच असते. पाणी तापलं की त्याला प्राणवायू जास्त लागतो, आणि नेमका तेव्हाच तो पाण्यात कमी मावतो. स्वच्छ पाण्यात २० अंशाला लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. शास्त्राच्या सरांनी विद्राव्यता शिकवली, ती हीच. तेव्हा आमचं लक्ष घंटेकडं. स्कॉटलंडात सॅमन धरणाऱ्यांना सांगतात, पाणी २० अंशांवर गेलं की गळ आवरा. दमलेला मासा परत सोडला तरी जगेलच असं नसतं. (आपला रावस 'इंडियन सॅमन' म्हणून विकतात, पण तो सॅमनच्या भावकीतलासुद्धा नाही.)

आपल्याकडचा मानाचा मासा खडशी, म्हणजे महसीर. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेही पुण्याकडच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. त्याला वाहतं, खळाळतं पाणी लागतं. आता मे महिन्यातली पंचगंगा आठवा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीला एकत्र येतात, पण पुढं बंधाऱ्यांना बरगे घातले की नदीची तळी होतात. पाणी थांबतं, तापतं. त्यात सांडपाणी, आणि ते कुजतानाही प्राणवायू खातं. रात्री ऊन नसल्यानं शेवाळही प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरतं. म्हणून अशा पाण्यात सगळ्यात वाईट वेळ पहाटेची, पाणी गार लागत असलं तरी.

पहाटे मासे तोंड वर काढून दिसले तर ते भुकेले नसतात, गुदमरलेले असतात. तिथं गळ टाकू नका, जाळं तर नकोच. मरळ तेवढा तग धरतो, कारण तो वर येऊन हवेतलाही श्वास घेतो. म्हणून उन्हाळ्यात डोहात मरळ लागला, तेवढ्यावरून नदी ठणठणीत आहे असं कुणी सांगू नये.

आपल्यातल्या बऱ्याच जणांची शेती नदीकाठाला आहे. मासे वर आलेले दिसले तर लगेच पाटबंधारे खात्याला कळवा. पाणी वेळेत हललं तर काही वाचतात. मेल्यावर पंचनामा करून कुणाचं भलं?

येत्या मे महिन्यात राजाराम बंधाऱ्यापासून शिरोळपर्यंत प्रत्येक बंधाऱ्यावर पहाटे आणि दुपारी पाण्याचं तापमान लिहून ठेवायचं ठरवलंय. जवळच्या गावातल्यांनी जेवणाच्या सुट्टीत नावं द्या. थर्मामीटर मी देतो, वही तुमची.