बर्गनमध्ये दोन दिवस, आणि उचलीचा हिशोब

मे महिन्यात ऑफिसच्या कामासाठी मी तीन आठवडे ऑस्लोला चाललोय. त्यातला एक शनिवार-रविवार पूर्ण मोकळा मिळतोय. टीममधल्या पोरांनी लगेच सल्ले दिले. कोपनहेगन कर, स्टॉकहोम कर, जमलं तर दोन्ही उरकून टाक. मी बर्गन ठरवलंय. अजून गेलेलो नाही, त्यामुळे आज प्रवासवर्णन मिळणार नाही. प्लॅन मिळेल, आणि तो असा का केला तेही सांगतो.

बर्गन म्हणजे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं जुनं बंदर. 1070 मध्ये ओलाव क्यिरे नावाच्या राजानं वसवलं असं मानतात. तेराव्या शतकात ते नॉर्वेच्या राजांचं मुख्य ठिकाण होतं. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये समुद्राचा फाटा आत शिरलेला, आणि धक्क्यावर लाकडी घरांची एक ओळ. तांबडी, पिवळी, पांढरी, जरा कललेली. इंस्टावर तुम्ही ती नक्की बघितली असणार, नाव माहीत नसेल इतकंच. त्या भागाला ब्रिग्गेन म्हणतात. 1979 पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

आणि पाऊस! आपल्या बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पडतो, तोही पडला तर. बर्गनला सव्वादोन हजारांच्या वर. 2006-07 च्या हिवाळ्यात तिथं सलग 85 दिवस पाऊस पडला होता. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "थोडा हिकडं पाठव की." तर प्लॅनमधली पहिली गोष्ट कपडे. छत्री नेऊ नका, तिथल्या वाऱ्यात ती उलटी होते. टोपीवाला चांगला रेनकोट आणि पाणी आत न घेणारे बूट, यावर पैसे खर्च करा. एप्रिल ते जून हे त्यातल्या त्यात कोरडे महिने. मेच्या शेवटी रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणजे दोन दिवसांत जवळजवळ तीन दिवसांचं फिरणं होतं. फक्त 17 मे टाळा, किंवा मुद्दाम साधा. 1814 साली त्या दिवशी त्यांची राज्यघटना झाली, त्यामुळे रस्त्यावर मिरवणुका, दुकानं बंद, हॉटेलं भरलेली.

आता मुद्द्यावर येतो. दोन दिवसांत काय काय बघायचं याच्या याद्या नेटवर ढीगभर आहेत. पंधरा ठिकाणं, वीस ठिकाणं. माझं म्हणणं, छोट्या ट्रिपला यादी नेऊ नका, एक प्रश्न न्या. त्याचं उत्तर जिथं मिळेल तेवढंच बघा, बाकी सोडून द्या. माझा प्रश्न उचलीचा आहे.

बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. दिवाळीच्या आसपास टोळी निघायची, कारखान्याचा पट्टा पडला की माघारी यायची. मी आजीपाशी राहिलो, शाळा शिकलो. निघायच्या आधी मुकादम घरी येऊन रक्कम द्यायचा, ती उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर उचल. मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर, आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं.

आता बर्गन बघा. नॉर्वेच्या उत्तरेला, लोफोटेनच्या बाजूला, कॉड मासा भरपूर, पण धान्य पिकत नाही. तो मासा लाकडी मांडवावर नुसत्या थंड वाऱ्यात वाळवतात, मीठसुद्धा लावत नाहीत. लाकडासारखा कडक होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. मध्ययुगातल्या कॅथलिक युरोपात उपासाच्या दिवशी मांस चालायचं नाही, मासा चालायचा. म्हणजे गिऱ्हाईक तयारच. मधला धंदा पकडला तो उत्तर जर्मनीतल्या व्यापाऱ्यांनी. ल्युबेक वगैरे शहरांचा त्यांचा संघ होता, हान्सा. 1360 च्या सुमारास त्यांनी ब्रिग्गेनवर आपली पेढी पक्की केली, आणि ती 1754 पर्यंत चालली. जवळपास चारशे वर्षं!

उत्तरेचे कोळी होड्या भरून मासा घेऊन हजारेक किलोमीटर खाली बर्गनला यायचे, धान्य घेऊन परत जायचे. पण हिवाळा काढायला धान्य लागतं आत्ता, आणि मासा हाती येणार पुढच्या वर्षी. मग व्यापारी धान्य उधारीवर द्यायचा, पुढच्या माशाच्या बोलीवर. एकदा खात्यावर नाव चढलं की माल त्याच व्यापाऱ्याला घालायचा. दुसऱ्याचा कर्जदार कोळी आपल्याकडं ओढायला व्यापाऱ्यांना आपसात बंदी होती. मी हे वाचलं तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून दोन मिनिटं गप्प बसलो. ही तर उचल आहे, फक्त उसाच्या जागी मासा.

दोन्ही अगदी एकच आहे असं मी म्हणत नाही. कोळ्याकडं स्वतःची होडी असायची, माल त्याचा असायचा. आणि मासेमारी बुडाली त्या वर्षीही व्यापाऱ्यानं धान्य पुरवावं अशी अपेक्षा असायची. आपल्याकडं दुष्काळात मुकादम काय पुरवतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण एक गोष्ट मला खटकते. व्यापाऱ्याची गोदामं वारसा झाली, जपली गेली. ज्याच्या माशावर ती उभी राहिली त्याची झोपडी बघायला कोण जातंय? आपल्याकडंही कारखान्याची चिमणी लांबून दिसते, आणि टोळीची कोपी हंगाम संपला की मोडून टाकतात.

आप्पांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मग मासं तोलायचा काटा कुणाचा व्हता?"

बघा, हा प्रश्न एकाही ट्रॅव्हल व्हिडिओत नाही. मी शोधलं. वाळवलेला मासा 'वोग' नावाच्या मापात तोलायचे, एक वोग म्हणजे साधारण 18 किलो. प्रत लावायला वेगळी जाणकार माणसं असायची. पण काट्यापाशी कोळ्याला उभं राहू द्यायचे का, त्याचं म्हणणं कोण ऐकायचं, हे तिथल्या गाइडला विचारायचं आहे. नोट्स ॲपमध्ये पहिल्या नंबरला लिहून ठेवलंय.

तर या प्रश्नाभोवती वेळापत्रक असं. शुक्रवारी रात्री ऑस्लोहून रात्रीची ट्रेन, म्हणजे एका रात्रीचं हॉटेल वाचलं. शनिवारी पोचेन तेव्हा सगळं बंदच असणार, म्हणून सकाळी फ्लोयेन डोंगर. 320 मीटर उंच, वर जायला 1918 पासून दोरावर ओढली जाणारी छोटी रेल्वे आहे. मी पायी चढणार, तासाभराची वाट आहे आणि तिला तिकीट नाही. कपिलधारचे डोंगर चढलेल्याला त्याचं काय?

मग ब्रिग्गेन्स म्युझियम. 1955 मध्ये ब्रिग्गेनचा काही भाग जळाला, तिथं खोदकाम झालं, आणि त्याच जागेवर हे म्युझियम बांधलं. तिथं सापडलेल्या रून लिपीतल्या मजकुरांसाठी मी कमीत कमी दोन तास ठेवलेत. लाकडाच्या काड्यांवर कोरलेले सहाशेच्या वर लेख मिळाले. राजे-बिजे नाहीत, रोजचं. पोत्यावर आपण नाव टाकतो तशा मालाच्या चिठ्ठ्या, व्यवहाराचे निरोप. एका काडीवर तर कुणा बाईनं पुरुषाला घरी ये म्हणून सांगितलंय. सातआठशे वर्षांपूर्वीचा व्हॉट्सॲप म्हणा.

दुपारी ब्रिग्गेनच्या बोळातून हळूहळू. नुसता समोरून फोटो काढून पळायचं नाही, आत शिरायचं. लाकडी गल्ल्या, वरच्या मजल्यांचे पूल, माल चढवायच्या कप्प्या. आजची घरं 1702 च्या मोठ्या आगीनंतरची, त्यातली साठेक उरलीत. आगीच्या धास्तीनं या घरांत शेकोटी पेटवायची परवानगीच नव्हती. शिकाऊ पोरं त्या गारठ्यात आत झोपायची, आणि ऊब व स्वयंपाक मागच्या वेगळ्या इमारतींत, श्योटस्टुएनेमध्ये. तेही बघायचं आहे. घरापासून लांब, थंडीत, दुसऱ्याच्या हिशोबावर राहणारी पोरं. कोपीतल्या पोरांना हे वेगळं समजवायला नको. रविवारी सकाळी तेराव्या शतकातला होकोन राजाचा दगडी दरबार, मग धक्क्यावर निवांत बसणं. संग्रहालयांच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, निघायच्या आठवड्यात साइटवर बघून घ्या.

पैशाचं पटकन सांगतो. तिथं युरो नाही, क्रोन चालतो. एक क्रोन म्हणजे आठ-नऊ रुपये. कार्डावर सगळं होतं. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम. मासळीबाजारात फिरा, पण जेवायला बसण्याआधी दरफलक दोनदा वाचा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच ब्रेड, फळं घेऊन ठेवायची. घरून शेंगदाण्याची चटणी नेतोय. तूप, पेढे, मांसाचं काही नेऊ नका, भारतातून दूध-मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. व्हिसा शेंगेनचाच, 180 दिवसांत 90 दिवसांचा. स्वतःहून जाणार असाल तर दोन-तीन महिने आधी लागा कामाला, आणि 30 हजार युरोचा प्रवास विमा लागतो हे लक्षात असू द्या.

परतीला मात्र दिवसाची ट्रेन. हा रेल्वेमार्ग 1909 मध्ये सुरू झाला, सात तासांच्या आसपास लागतात. मध्ये फिन्से स्टेशन 1222 मीटरवर, मे महिन्यातही तिथं बर्फ असतो. विमानानं तासाभरात पोचता येतं, पण मग तो बर्फ आप्पा-आईला व्हिडिओ कॉलवर कसा दाखवणार? तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं, मी काढलंय, खिडकीचं.

काट्याचं उत्तर मिळालं की जूनमधल्या भागात सांगतो. तुमच्या घरात कुणी टोळीत गेलेलं असेल तर त्यांना विचारा, बर्गनच्या गाइडला आणखी काय विचारू? व्हॉइस नोट पाठवा, 20 मेपर्यंत आलेल्या सगळ्या सोबत घेऊन जातो. भेटू पुढच्या भागात.