नाव घेण्याचा धर्म

नभोवाणीवरील आमच्या एका दिवंगत निवेदक-स्नेह्यांची स्मरणसभा बडोद्यातील छाणी येथे झाली. वक्त्यांनी त्यांच्या आवाजाची वाखाणणी केली. मला मोलाचा वाटतो तो त्यांचा एक शिरस्ता. गीत लावताना ते गायकाबरोबर कवीचे आणि संगीतकाराचेही नाव न चुकता घेत. ‘शुक्रतारा’ म्हणताच अरुण दाते आठवतात, पाडगांवकरही आठवतात; चाल बांधणारे श्रीनिवास खळे मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाहीत. हे खळे बडोद्यातच वाढले, येथील नभोवाणी केंद्रावर त्यांनी नोकरीही केली. २०१० साली ते पद्मभूषण झाले. २०११ साली निवर्तले. निवेदकाने नाव गाळले, की श्रोत्यांच्या लेखी तो कलावंत उरतच नाही. दुसऱ्यांची नावे आयुष्यभर सांगणाऱ्या आमच्या स्नेह्यांचे ऋण फेडायचे, तर तो शिरस्ता आपण मोडता कामा नये.