भाषेचा कान

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकांच्या घरचे लहान मूल के. जी.त जाते. के. जी. म्हणजे किंडरगार्टन. हा शब्द मूळचा इंग्रजी नाही, जर्मन आहे. फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८४० साली आपल्या बालशाळेला हे नाव दिले. त्याचा अर्थ ‘मुलांची बाग’. आज मी त्याच भाषेतून इंग्रजीत गेलेला आणखी एक शब्द सांगणार आहे. तो इतका विरळा आहे की इंग्रजी चांगले जाणणाऱ्या पुष्कळांनीही तो ऐकलेला नसेल. शब्द आहे ‘श्प्राखगेफ्यूल’. ‘श्प्राख’ म्हणजे भाषा आणि ‘गेफ्यूल’ म्हणजे जाणीव. अमुक बोलणे भाषेत शोभते, तमुक शोभत नाही, हे नियम न आठवताच ज्याला कळते, त्याच्याजवळ ही जाणीव आहे असे म्हणतात. गाण्याचा कान असतो ना, तसा हा भाषेचा कान.

उदाहरण घ्या. मराठीत आपण लालभडक, पिवळाधमक, काळाकुट्ट, हिरवागार म्हणतो. ‘काळाभडक’ कोणी म्हणत नाही. का म्हणत नाही? व्याकरणाच्या पुस्तकात याचा नियम नाही. उर्दूतही ‘सफेद बुर्राक’ आणि ‘लाल सुर्ख’ अशा जोड्या ठरलेल्या आहेत. इंग्रजीत कडक चहाला ‘स्ट्राँग’ म्हणतात. पण जोराच्या पावसाला ‘हेवी’ म्हणावे लागते. हे पाठ करून संपणारे नाही, ते कानावरून मनात उतरते.

कोरी स्टॅम्पर या अमेरिकन कोशकार बाईंनी शब्दकोशाच्या कामावर २०१७ साली एक पुस्तक लिहिले. कोशाच्या कचेरीत काम करणाऱ्याला पदवी तर लागतेच; पण तिच्याबरोबर ही जाणीवही लागते, असे त्यांनी त्यात सांगितले आहे.

आता माझी एक चूक आपल्यापुढे कबूल करतो. सातवीच्या वर्गात एक मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, माझी पुस्तक हरवली.” सारा वर्ग हसला. खेदाची गोष्ट ही की मीही हसलो. त्यानंतर तो मुलगा वर्षभर वर्गात आपणहून मराठी बोलला नाही. विचारले तर मान हलवून उत्तर द्यायचा.

पुढे माझ्या ध्यानात आले की त्याच्या घरी उर्दू बोलतात. उर्दूत ‘किताब’ स्त्रीलिंगी. ‘मेरा किताब’ असे तो झोपेतही म्हणाला नसता. घरच्या भाषेचा कान त्याच्याजवळ पक्का होता, तोच त्याने मराठीला लावला. ज्याला मी अज्ञान समजलो, ते त्याचे भांडवल होते. मला एवढेच सांगायचे होते, “बेटा, किताब ‘ती’, पण मराठीत पुस्तक ‘ते’.” एका वाक्याचे काम होते. मी हसण्यावर नेले आणि एक बोलते मूल गप्प केले.

पालकांनो, आपण मुलांना इंग्रजी माध्यमात घालतो, ते त्यांच्या भल्यासाठीच. पण पुष्कळ घरांत त्यापायी घरच्या बोलीची लाज वाटू लागते. आई-वडील मोडके इंग्रजी बोलतात, दादीमाँच्या गोष्टी बंद होतात. मग मुलाला घरची भाषा धड येत नाही आणि बाहेरचीही येत नाही. एका भाषेत कान तयार झाला की दुसऱ्या भाषेत काय ऐकायचे ते मुलाला उमगते, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

डॉ. झाकिर हुसेन यांनी १९२६ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. तेव्हा त्यांना परक्या भाषेचे भय नव्हते. तरी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जी योजना आखली, तिच्यात शिक्षण मातृभाषेतून असावे हेच तत्त्व होते. ज्याने जग पाहिले त्याने घरची भाषा टाकली नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. रोज रात्री पंधरा मिनिटे घरात कोणीतरी मोठ्याने वाचावे. उर्दू असो, मराठी असो, वर्तमानपत्रही चालेल. वाचता येत नसेल त्यांनी गोष्ट सांगावी किंवा मुलाकडून वाचून घ्यावे. विद्यार्थ्यांनो, चुकले म्हणून बोलणे थांबवू नका. आणि वर्गात कोणी चुकला तर हसू नका. आम्ही शिक्षकही हसणार नाही, असा शब्द मी माझ्यापुरता आज देतो.