आघाताची रेघ आणि हाताचा ठोका

स्पॅनिश भाषेत ‘पागो’ असा एक शब्द आहे. ‘पा’वर जोर दिला तर अर्थ होतो ‘मी पैसे देतो’. ‘गो’वर दिला तर ‘त्याने पैसे दिले’. व्यवहारात ह्या दोहोंमध्ये अंतर किती, हे सांगावयास नकोच. मराठीत आघात सरकला म्हणून देणेकरी बदलत नाही. त्यामुळे आपल्या विद्यार्थ्याचा कान ह्या भेदाकडे सहसा वळत नाही.

लेखनात स्पॅनिशची व्यवस्था मोठी काटकसरीची आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, ‘न’ किंवा ‘स’ असेल, तर आघात उपान्त्य अक्षरावर. एरवी अन्त्य अक्षरावर. हा नियम मोडणाऱ्या शब्दांतच मुख्यतः स्वरावर तिरकी रेघ काढतात. ‘तेर्मिनो’ हा शब्द घ्या. रेघ नसली तर जोर मधल्या ‘मि’वर, अर्थ ‘मी संपवतो’. रेघ पहिल्या अक्षरावर असेल तर ‘शेवट’. अखेरच्या ‘नो’वर असेल तर ‘त्याने संपवले’. कॅपिटल वर्णांवर ही रेघ नको, असा पुष्कळांचा समज असतो. १७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीला तो मान्य नाही.

नवशिक्याचा घोटाळा होतो तो बिनरेघेच्या शब्दांत. रेघ नाही म्हणजे आघातच नाही, असे समजून तो सारी अक्षरे एका सुरात म्हणतो. येथे हात उपयोगी पडतो. बोलणाऱ्याच्या हाताचा ठोका बहुधा जोराच्या अक्षराशीच पडतो. २०२१ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी डच शब्दांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ध्वनी तोच ठेवून हाताचा ठोका तेवढा दुसऱ्या अक्षरावर दाखविला, तर ऐकणाऱ्यांचा आघाताविषयीचा निर्णयही त्या बाजूस झुकला. त्याच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे आढळले, की हात हलविल्याने खुद्द आवाजातही सूक्ष्म फरक पडतो, आणि बोलणारा दिसत नसताही तो कानाला जाणवतो. नभोवाणीवरून बोलणाऱ्यास ही गोष्ट दिलासा देणारीच आहे!

मात्र हात चुकीच्या अक्षरावर पडला, तर तो ऐकणाऱ्यास चुकीकडेच नेणार. कित्येक शिक्षक प्रत्येक अक्षरावर टाळी वाजवून घेतात. त्याने अक्षरे मोजता येतात, आघात कळत नाही. शब्दास ठोका एकच असावा, आणि तो कोठे पडावा हे आधी रेघेवरून वा नियमावरून ठरवावे. मग पुस्तक मिटून ‘पागो’ दोनदा म्हणावे, हात एकदा ‘पा’वर आणि एकदा ‘गो’वर आणावा, पैसे कोणी दिले, हे शेजारच्या विद्यार्थ्याने सांगावे.