जुन्या घराची वायर



आज विजेविषयी बोलू. आपल्या नेकनूरसारख्या गावात जुनी घरे अजून आहेत. भिंती दगडमातीच्या, वर माळवद, आत लाकडी तुळया आणि किलचन. अशा घरात वीज आली, तेव्हा तुळईवर लाकडी पट्टी ठोकून वायर नेली. दोन दिवे लागले, एक पंखा फिरला. तेवढ्यापुरती ती वायर पुरेशी होती.

आता हिशेब करा. ६० वॅटचे दोन दिवे आणि ७५ वॅटचा पंखा. झाले १९५ वॅट. विजेचा दाब २३० व्होल्ट. १९५ ला २३० ने भागा. प्रवाह एक अँपिअरच्याही आत.

आज त्याच वायरीवर काय काय आहे? कूलर २०० वॅट, फ्रिज १५०, दोन पंखे १५०, टीव्ही १००, पाण्याची मोटर ४००, इस्त्री १०००. बेरीज २००० वॅट. म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर!

अरुंद पाटात फार पाणी सोडले, तर पाट फुटतो. वायर तशी फुटत नाही, ती आतून तापते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. वरचे रबर तडकते. जवळ सुके लाकूड असतेच. मग आग लागायला कितीसा वेळ?

फ्यूज हा घरचा राखणदार. भार वाढला की तो स्वतः जळतो आणि घर वाचवतो. पण फ्यूज सारखा उडतो म्हणून आपण त्यात जाड तार घालतो. राखणदारालाच बांधून ठेवले, की संकटाला मोकळे रान!

दुसरा धोका कूलरचा. डबा पत्र्याचा, आत पाणी. आतली वायर उघडी पडली, तर सगळ्या पत्र्यात वीज उतरते. ओल्या हाताने कोणी पाणी भरायला गेले, तर जीव जातो. म्हणून पाणी भरण्याआधी बटण बंद करा आणि पिनही काढा. लेकरांनाही हे सांगून ठेवा.

अशा विजेला जमिनीत जायची वाट म्हणजे अर्थिंग. खड्ड्यात पाइप पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ घालतात. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावे. पिनेचा तिसरा, जाड पाय अर्थिंगचाच असतो. तो तोडू नका. पण कोरड्या जमिनीत नुसत्या अर्थिंगने फ्यूज उडेलच असे नाही. म्हणून सोबत आरसीसीबी नावाचे यंत्र बसवा. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की ते वीज तोडते. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. यंत्रावर तपासणीचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे.

मग घराची वायर बदला. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची, इस्त्रीच्या जागेला अडीचची तांब्याची वायर घाला. दोन्हींच्या लाइनी वेगळ्या ठेवा आणि प्रत्येकीला तिचा एमसीबी बसवा. काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

राज्यात १९६० साली विद्युत मंडळ स्थापन झाले. २००५ पासून घरोघर वीज देण्याचे काम महावितरणकडे आहे. खांबापासून मीटरपर्यंतचे काम त्यांचे. मीटरच्या पुढची वायर आपली, तिची काळजीही आपलीच. भार वाढला असेल, तर महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज द्या. खांबावर स्वतः कधीही चढू नका.

सगळा खर्च एकदम झेपत नाही, हे खरे. मग आधी अर्थिंग आणि आरसीसीबी करा. त्याने जीव वाचतो. वायर पुढच्या सुगीला बदला. तोवर इस्त्री आणि मोटर एकाच वेळी चालवू नका.

आता घरी जाऊन एक काम करा. विजेचे बिल काढा. त्यावर ‘मंजूर भार’ हे शब्द शोधा आणि पुढचा आकडा वाचा. एक किलोवॅट म्हणजे १००० वॅट. मग आपल्या घरातल्या वस्तूंची बेरीज पाटीवर मांडा. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. कोणता मोठा आहे, ते तुमचे तुम्हीच वाचा.