शुद्धीकरणाचे पेटंट आणि वाराणसीची गंगा



१४ जून १९८६ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते वाराणसी येथे गंगा कृती योजनेचा शुभारंभ झाला. त्या काळी शहरातील बहुतांश सांडपाणी कोणत्याही प्रक्रियेविना वरुणा, अस्सी आणि लहानमोठ्या नाल्यांवाटे गंगेत मिसळत होते. ते अडवून, शुद्ध करून मगच नदीत सोडावे, हे योजनेचे पहिले उद्दिष्ट होते. ते कोणत्या प्रक्रियेने शुद्ध करावे, त्या प्रक्रियेचे ज्ञान कोणाच्या मालकीचे आहे आणि तिची किंमत कोणी चुकवावी, हे प्रश्न उद्दिष्टाइतकेच महत्त्वाचे होते. त्यांची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

पेटंट म्हटले की आपल्याकडे प्रथम औषधांचा विचार होतो. हळदीच्या पेटंटचा वाद किंवा कर्करोगावरील औषधाचा खटला अभ्यासकांना ठाऊक असतो. परंतु पाण्यातील घाण वेगळी करण्याची रीत, खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी मिळविणारे पटल, तेलाचा तवंग नष्ट करणारा जीवाणू हीदेखील पेटंटची विषयवस्तू ठरली आहेत. शुद्धीकरणाच्या क्षेत्रात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण औषध विकत घेणारा रुग्ण असतो. स्वच्छ नदी विकत घेणारा ग्राहक बाजारात नसतो.

पेटंट म्हणजे काय?

पेटंट हा समाज आणि संशोधक यांच्यातील करार होय. संशोधकाने आपली युक्ती पूर्णपणे उघड करावी आणि त्या बदल्यात समाजाने त्याला ठराविक काळापुरता तिच्या वापराचा अनन्य अधिकार द्यावा, असे त्याचे स्वरूप आहे. मुदत संपली की ते ज्ञान सर्वांचे होते. संशोधनात नावीन्य, कल्पक पाऊल आणि औद्योगिक उपयुक्तता हे तीन गुण असावे लागतात.

यांपैकी दुसऱ्या गुणाविषयीचा भारतातील पायाभूत निवाडा वाराणसीच्या शेजारील मिर्झापूरच्या भांडी उद्योगातून आला. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात धातूची भांडी तयार करण्याच्या एका सुधारित पद्धतीचे पेटंट वादग्रस्त होते. १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अवैध ठरविले. कुशल कारागिराला सहज सुचेल अशी कारखान्यातील सुधारणा म्हणजे शोध नव्हे, हे सूत्र या निकालाने दृढ केले. आजही भारतीय पेटंट कार्यालयात व न्यायालयांत या निकालाचा आधार घेतला जातो.

पेटंट वस्तूचे असू शकते, तसेच प्रक्रियेचेही. १९७० च्या पेटंट कायद्याने अन्न, औषधे आणि रासायनिक प्रक्रियेने तयार होणारे पदार्थ यांना वस्तूचे पेटंट नाकारले. केवळ ते तयार करण्याच्या प्रक्रियेला पेटंट देऊ केले. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालातील शिफारशी या धोरणामागे होत्या. तोच पदार्थ दुसऱ्या मार्गाने बनविण्याची मुभा राहिल्याने भारतीय रसायनतज्ज्ञांचे प्रक्रिया-कौशल्य वाढले. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानंतर १९९९, २००२ आणि २००५ असे तीन टप्प्यांत कायद्यात बदल झाले. मुदत सरसकट वीस वर्षांची झाली आणि १ जानेवारी २००५ पासून सर्व क्षेत्रांत वस्तूचे पेटंट लागू झाले.

गाळाचे पेटंट

सांडपाणी शुद्धीकरणाच्या इतिहासातील सर्वांत मोठा शोध १९१४ चा आहे. मँचेस्टरजवळील डेव्हीहल्म येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे रसायनतज्ज्ञ बाटल्यांमध्ये सांडपाणी भरून त्यातून हवा सोडत होते. पहिल्यांदा पाणी पूर्ण शुद्ध होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी तळाशी बसलेला गाळ फेकून न देता तो तसाच ठेवला आणि त्यावर नवे सांडपाणी ओतले. असे पुन्हा पुन्हा केल्यावर तेच काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. गाळात वाढलेले सूक्ष्मजीव घाण खात होते. या गाळाला त्यांनी ‘सक्रिय गाळ’ असे नाव दिले. या प्रयोगांना प्रेरणा देणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले आणि ही विद्या भारतात लवकर पोहोचली.

या प्रक्रियेवरील महत्त्वाची पेटंटे एका इंग्रज यंत्रनिर्मिती कंपनीच्या हाती एकवटली आणि शहरांकडून स्वामित्वशुल्काची मागणी सुरू झाली. अमेरिकेतील मिलवॉकी शहराने १९२५ च्या सुमारास मोठे केंद्र उभारले होते. त्याच्यावर पेटंटभंगाचा दावा लागला. १९३४ साली अपील न्यायालयाने पेटंट वैध आणि त्याचा भंग झाल्याचे मान्य केले, नुकसानभरपाईही मान्य केली. परंतु केंद्र बंद करण्याचा मनाई हुकूम मात्र कायम ठेवला नाही. केंद्र बंद पडल्यास सारे मैलापाणी मिशिगन सरोवरात सोडावे लागेल आणि लोकांचे आरोग्य व जीवित धोक्यात येईल, हे त्यामागील कारण होते. मालकाला मोबदला मिळावा, परंतु सार्वजनिक शुद्धीकरण थांबविण्याचा अधिकार त्याला नसावा, हे तत्त्व पेटंटविषयक न्यायविचारात आजही उद्धृत केले जाते.

दीनापूरचा धडा

गंगा कृती योजनेत वाराणसीजवळ दीनापूर येथे रोज ८ कोटी लिटर क्षमतेचे केंद्र उभे राहिले, ते याच सक्रिय गाळ प्रक्रियेवर. तोवर मूळ पेटंटांची मुदत संपून अनेक दशके लोटली होती. ज्ञान मोफत होते. तरीही गंगा अपेक्षेप्रमाणे स्वच्छ झाली नाही.

त्याचे कारण अर्थशास्त्रीय आहे. या प्रक्रियेत सूक्ष्मजीवांना अखंड हवा पुरवावी लागते आणि सांडपाणी पंपांनी उचलावे लागते. दोहोंसाठी अहोरात्र वीज हवी. केंद्र उभारण्याचा खर्च केंद्र सरकारने केला. चालविण्याचा खर्च राज्य शासन व स्थानिक संस्थांवर आला. वीज गेली की पंप थांबत आणि मैलापाणी पुन्हा नदीकडे वळे. पावसाळ्यात नदीची पातळी वाढली की घाटांवरील पंपगृहे बंद ठेवावी लागत. शिवाय ही प्रक्रिया सेंद्रिय घाण मोठ्या प्रमाणात कमी करते, पण निर्जंतुकीकरणाची जोड नसेल तर विष्ठाजन्य जीवाणू स्नानयोग्य पातळीपर्यंत घटत नाहीत. स्नानाच्या पाण्यात असे जीवाणू दर १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत असणे इष्ट आणि २,५०० ही कमाल मर्यादा, असा आपला निकष आहे. वाराणसीत रोज हजारो भाविक नदीत उतरतात, आचमन करतात. त्यांच्या दृष्टीने हाच आकडा निर्णायक आहे.

काशी हिंदू विश्वविद्यालयात द्रवयांत्रिकीचे अध्यापन करणारे आणि संकटमोचन मंदिराचे महंत असलेले प्रा. वीरभद्र मिश्र यांनी नेमक्या याच उणिवांवर बोट ठेवले. १९८२ साली स्थापन झालेल्या संकटमोचन फाउंडेशनमार्फत त्यांनी नदीच्या पाण्याची नियमित तपासणी सुरू ठेवली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम ऑस्वाल्ड यांच्या एकात्मिक तलाव पद्धतीचा पर्याय त्यांनी मांडला. सांडपाणी शक्यतो उतारानेच वाहून न्यावे आणि खोल तलावांतील जीवाणू, शैवाल व सूर्यप्रकाश यांनी ते शुद्ध व्हावे, अशी ती कल्पना होती. वीज कमी, जमीन जास्त, हा तिचा हिशेब. वाराणसीत ती मोठ्या प्रमाणावर साकार झाली नाही. परंतु प्रक्रियेची निवड स्थानिक परिस्थिती पाहून व्हावी, हा तिच्यामागील मुद्दा आजही तितकाच खरा आहे.

पेटंट न घेतलेला शोध

नेदरलँड्समधील वागेनिंगेन विद्यापीठाचे गात्झे लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात वेगळाच मार्ग शोधला. टाकीच्या तळातून वर चढणारे सांडपाणी गाळाच्या थरातून जाते आणि हवेविना जगणारे जीवाणू घाणीचे विघटन करून मिथेन वायू तयार करतात. हवा पुरविण्याची गरज नसल्याने विजेचा खर्च फार कमी होतो. गरीब देशांनाही ही पद्धत वापरता यावी म्हणून लेटिंगा यांनी तिचे पेटंट घेतले नाही. गंगा कृती योजनेत डच साहाय्याने कानपूर येथे रोज ५० लाख लिटरचे प्रायोगिक केंद्र उभारण्यात आले. पुढे कानपूर आणि मिर्झापूर येथे या पद्धतीची मोठी केंद्रे झाली आणि यमुना कृती योजनेतही तिचा विस्तार झाला. तथापि एकट्या या प्रक्रियेने निकष पूर्ण होत नाहीत, पुढील प्रक्रियेची जोड द्यावी लागते, असाही अनुभव आला.

या दोन उदाहरणांतून एक निष्कर्ष निघतो. पेटंट नसल्याने तंत्रज्ञान स्वस्त होते आणि त्याचा प्रसार वेगाने होतो. परंतु ते नीट चालेलच, याची हमी मिळत नाही. त्यासाठी पैसा, वीज, प्रशिक्षित कर्मचारी आणि उत्तरदायित्व लागते.

कामगिरीला मोबदला

नमामि गंगे कार्यक्रमात या उत्तरदायित्वाचा विचार झालेला दिसतो. जानेवारी २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या संमिश्र वार्षिकी प्रतिमानानुसार कंत्राटदाराला भांडवली खर्चापैकी ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात मिळते. उर्वरित ६० टक्के रक्कम पंधरा वर्षांत, केंद्र चालविण्याच्या कामगिरीशी जोडून दिली जाते. या पद्धतीचे पहिले करार २०१७ मध्ये वाराणसी आणि हरिद्वारसाठी झाले. वाराणसीतील रमना येथील केंद्राची क्षमता रोज ५ कोटी लिटर आहे. २०१८ मध्ये दीनापूर येथे १४ कोटी लिटरचे नवे केंद्र सुरू झाले. गोइठहाच्या १२ कोटी लिटरच्या केंद्रात हवा देणे, गाळ बसविणे आणि स्वच्छ पाणी काढणे या क्रिया एकाच टाकीत आळीपाळीने होतात.

या आळीपाळीच्या पद्धतीच्या काही सुधारित प्रकारांवर कंपन्यांनी पेटंटे घेतलेली आहेत. निविदेत विशिष्ट पेटंटप्राप्त तंत्रज्ञानाचे नाव घातले तर स्पर्धा संपते आणि किंमत वाढते. त्याऐवजी बाहेर पडणाऱ्या पाण्याचे निकष निश्चित केले तर बोली लावणाऱ्याला तंत्र निवडण्याचे स्वातंत्र्य राहते आणि पेटंटाची किंमत त्याच्या उपयुक्ततेवरून ठरते.

जिवंत यंत्रे आणि कायदा

शुद्धीकरणातील खरे कामगार सूक्ष्मजीव असल्याने त्यांच्या मालकीचा प्रश्न अटळ होता. भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत खनिज तेलाचे विघटन करणारा जीवाणू विकसित केला. मानवनिर्मित सजीवाला पेटंट मिळू शकते, असा निकाल १९८० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला. अंतिम उत्पादनात सजीव घटक असला तरी प्रक्रिया पेटंटयोग्य ठरू शकते, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने २००२ मध्ये डिमिनॅको खटल्यात दिला. निसर्गात आढळणारा जीवाणू मात्र भारतात पेटंटयोग्य नाही. पेटंटासाठी सूक्ष्मजीवाचा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात ठेवण्याची सोय चंदीगड आणि पुणे येथे आहे.

सार्वजनिक हिताच्या संरक्षणासाठी भारतीय कायद्यात पुरेशा तरतुदी आहेत. पेटंट मिळून तीन वर्षे झाल्यावर जनतेच्या वाजवी गरजा भागत नसतील, किंमत परवडणारी नसेल किंवा शोधाचा देशात वापर होत नसेल, तर कलम ८४ नुसार सक्तीचा परवाना देता येतो. कलम ९२ राष्ट्रीय आणीबाणी व तातडीच्या परिस्थितीसाठी, तर कलम १०० शासनाच्या वापरासाठी आहे. भारतातील पहिला सक्तीचा परवाना मार्च २०१२ मध्ये कर्करोगावरील औषधाबाबत दिला गेला. मिलवॉकीच्या निकालात न्यायाधीशांनी जे साधले, त्यासाठी आपल्या कायद्यात स्वतंत्र कलमे आहेत.

सार्वजनिक प्रयोगशाळांचे उत्तर

१९२१ ते १९२४ या काळात काशी हिंदू विश्वविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेले आणि त्याचे कुलगीत लिहिणारे शांतिस्वरूप भटनागर यांचे उदाहरण येथे मार्गदर्शक आहे. पुढे लाहोरला असताना त्यांनी एका तेल कंपनीची खोदकामातील अडचण सोडविली. कंपनीने देऊ केलेले दीड लाख रुपये त्यांनी स्वतःसाठी न घेता विद्यापीठातील संशोधनासाठी वळविले. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे ते प्रमुख झाले. प्रयोगशाळेतील शोध उद्योगांपर्यंत नेण्यासाठी १९५३ मध्ये राष्ट्रीय संशोधन विकास निगम स्थापन झाले.

ही परंपरा पुढे चालू आहे. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील टी. प्रदीप यांच्या गटाने पाण्यातील कीटकनाशके काढून टाकणाऱ्या सूक्ष्म धातुकणांच्या गाळणीचे पेटंट घेतले आणि ती बाजारातही आली. त्याच गटाने पुढे आर्सेनिक काढण्याचे स्वस्त साधन विकसित केले. वाराणसीच्या पूर्वेकडील बलिया जिल्ह्यात भूजलातील आर्सेनिकची समस्या गंभीर असल्याने अशा संशोधनाचे मोल विशेष आहे. सार्वजनिक पैशातून झालेल्या शोधाचे पेटंट घेणे गैर नाही. ते न घेतल्यास दुसरा कोणी घेऊ शकतो, हे हळदीच्या प्रकरणाने दाखविले. अमेरिकेत दिलेले ते पेटंट भारतीय परिषदेने पुरावे सादर करून १९९७ मध्ये रद्द करविले. मात्र अशा पेटंटाच्या परवान्याच्या अटी सामान्य नागरिकाला परवडणाऱ्या असाव्यात, ही अपेक्षा रास्त आहे.

पेटंट संशोधकाला प्रोत्साहन देते, कारण बाजारात त्याच्या शोधाला ग्राहक असतो. नदीच्या शुद्धीकरणात तो ग्राहक शासनालाच व्हावे लागते. शासनाने कोणते निकष लावले, देखभालीला किती निधी दिला आणि तपासणीचे आकडे लोकांपुढे ठेवले की नाही, यांवर संशोधनाची दिशा आणि नदीची स्थिती दोन्ही अवलंबून राहतात. पहाटे दशाश्वमेध घाटावर ओंजळीत पाणी घेणाऱ्या यात्रेकरूला त्या पाण्यावर कोणत्या प्रक्रियेचा संस्कार झाला, हे ठाऊक नसते. ते पाणी त्याला बाधू नये, याची जबाबदारी इतरांची आहे. आज या विषयाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या निविदांच्या अटी लिहितील, निधीचे वाटप करतील, पेटंट अर्जांची छाननी करतील. त्या दिवशी दीनापूरच्या अनुभवाचे स्मरण त्यांना उपयोगी पडेल.